पिवळा टिपका

“गाडी नुसती बोंबलते मिस्त्री, पुढे सरकत नाही,” हेल्मेट काढता काढता सिस्टर म्हणाली. “काल चढावर मागे एक बाई बसली होती, दिवस भरलेली. मी मूठ पिळतेय, इंजिन ओरडतंय आणि गाडी मागे यायला लागली. एका अंगाला दरी. ब्रेक दाबून धरला आणि तिला म्हटलं, हळूच उतर गं बाई.”

“मग?”

“मग काय! कळा देत देत चालली बिचारी, मी गाडी ढकलत मागून. पोचलो एकदाचे वरच्या उपकेंद्रात. मुलगी झाली.”

सिस्टर हसली. मिस्त्रीला हसू आलं नाही. ‘गाडी मागे यायला लागली’ एवढंच त्याच्या कानात राहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीचा क्लच त्यानं स्वतःच्या हातानं उघडून नवा केला होता आणि आता चार वर्षं बघायला नको, असं छातीठोकपणे सांगितलंही होतं.

“आज परत वर जायचंय,” सिस्टर म्हणाली. “कालच्या बाळंतिणीला ताप भरलाय असा निरोप आलाय. चारच्या आत पोचायला हवं. होईल ना?”

“न व्हायला काय झालं?” तो म्हणाला.

गल्लीत त्याला टिपके मिस्त्री म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. त्याच्या हत्यारांच्या पेटीत पिवळ्या ऑइलपेंटची एक डबी आणि बारीक ब्रश असे. बोल्ट आवळला की त्यावर पिवळा टिपका, अर्धा बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धा खालच्या पत्र्यावर. बोल्ट पुढे कधी सैल होऊन फिरलाच तर टिपक्याचे दोन तुकडे होतात आणि लांबूनही कळतं. इंजिनाच्या आत, जिथे गिऱ्हाईक जन्मात डोकावणार नाही, तिथेही तो टिपका लावी आणि वाळेपर्यंत कव्हर बसवत नसे. शेजारचा पंक्चरवाला थट्टा करायचा, “मिस्त्री, जेवल्यावर पोटावरही लावता का हो टिपका, भरलं म्हणून?” पण त्याच पंक्चरवाल्यानं स्वतःची जुनी गाडी विकली तेव्हा टिपके दाखवूनच सौदा केला होता. टिपका आहे म्हणजे आवळलेलं आहे, त्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं. चाळीस वर्षांत मिस्त्रीलाही ती कधी आली नव्हती.

त्यानं गाडी आत घेतली. हत्याराला हात लावण्याआधी सोपं ते बघायचं, ही त्याची रीत. आज तर त्याला मनापासून वाटत होतं की दोष सोप्यातच सापडावा. केबल ताणलेली असेल. ताणलेली केबल क्लचला पुरता मिटू देत नाही, मग तो घसरतो. त्यानं लिव्हर बोटानं हलवून बघितली. जेवढी ढिली हवी तेवढीच ढिली होती. केबल बिचारी निर्दोष होती.

“सिस्टर, तुम्ही लिव्हर अर्धवट दाबून गाडी चालवता का? काही लोकांना सवय असते.”

“मी?” सिस्टर स्टुलावर बसत म्हणाली. “पन्नास पोरांना सुया टोचते मी एका सकाळी. हात कुठे ठेवायचा ते मला शिकवू नका.”

“तसं नाही. विचारायचं असतं.”

त्यानं ऑइल बघितलं. चुकीचं ऑइल पडलं तर क्लचच्या प्लेटा गुळगुळीत होऊन घसरतात. मोटारीचं ऑइल दुचाकीत ओतणारे बहाद्दर त्यानं पुष्कळ बघितले होते. पण हे ऑइल त्यानंच ओतलेलं होतं, बरोबर होतं, फक्त काळं पडलं होतं आणि त्याला जळक्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. मग त्यानं इंजिन चालू केलं, ब्रेक घट्ट दाबला, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडून दिला. धडधाकट क्लच असता तर इंजिन तिथेच गुदमरून बंद पडलं असतं. हे आपलं मजेत चालत राहिलं. एकेक करून बाकीचे सगळे संशयातून सुटले होते आणि आता फक्त आतलं उरलं होतं.

कोपऱ्यात त्याचा थोरला भाऊ, दादा, बसून नटबोल्ट निवडत होता. समोर तीन डबे आणि एक पसरट ताट. दहाच्या मापाचे, बाराचे, चौदाचे. संध्याकाळी मिस्त्री ते सगळे परत एकत्र करी आणि सकाळी दादा पुन्हा निवडायला घेई. हे दुकान मूळचं दादाचं. मिस्त्रीला पाना धरायला त्यानंच शिकवलं, टिपकाही त्याचाच. “आधी आवळायचं, मग टिपका. उलटं केलंस तर हात तोडीन,” असं तो म्हणायचा आणि पलीकडच्या गाडीखालून ओरडून विचारायचा, “आवळलं?” इकडून “आवळलं!” असं उत्तर गेल्याशिवाय ब्रश डबीत बुडायचा नाही. सहा वर्षांपूर्वी एक दिवस दादा जेवायला बसला तो डोक्यावर हेल्मेट घालूनच. काचेवर घास आपटला तेव्हा सगळं घर हसलं, दादाही हसला. मिस्त्री सगळ्यांत जास्त हसला होता. ते हसू त्याला अजून छळायचं. वर्षभरात दादा घराचा रस्ता विसरला, मग बायको जाऊन किती वर्षं झाली ते विसरला, आता कधीकधी मिस्त्रीलाच विचारायचा, “आपण कोण?”

दादाला तेव्हा साठावं लागलं होतं. मिस्त्रीला येत्या महिन्यात साठावं लागणार होतं.

त्यानं ऑइल काढलं आणि उजव्या बाजूचं कव्हर उतरवलं. आत चार बोल्ट दिसत होते. या चार बोल्टांखाली चार स्प्रिंगा, आणि त्या स्प्रिंगांच्या जोरावर प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. चारांवर पिवळे टिपके होते. वरचे दोन अखंड होते. खालच्या दोघांचे तुकडे झाले होते, अर्धा पिवळा इकडे आणि अर्धा तिकडे. त्यानं खालच्या बोल्टला नुसतं बोट लावलं आणि तो फिरला.



“सापडलं?” सिस्टरनं विचारलं.

“दोन बोल्ट सैल झालेत. स्प्रिंगांना जोर नाही. म्हणून घसरत होता.”

“सैल झालेत की सैल राहिलेत?”

तिनं साधंच विचारलं असेल, पण मिस्त्रीच्या हातून फडकं गळून पडलं. “हल्ली स्प्रिंगा फार कमअस्सल येतात हो,” तो खाली वाकत म्हणाला. “थरथर वाढते आणि बोल्ट फिरतात. मालच खराब, कोण काय करणार?” बोलताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. मालाला दोष देऊन वेळ मारून नेणारे मिस्त्री त्याच्या लेखी मिस्त्रीच नव्हते.

कदाचित खरंही असेल. ते कळायचा एक उपाय होता आणि तो दादानंच दाखवलेला होता. बोल्ट पूर्ण आवळायचा. टिपका लावताना तो आवळलेला असेल, तर आता तळाला टेकल्यावर टिपक्याचे दोन तुकडे पुन्हा जुळतील. म्हणजे बोल्ट मागाहून सैल झाला, मिस्त्री सुटला. जुळले नाहीत, तर टिपका आधी लावला आणि आवळायचं राहून गेलं.

त्यानं पाना लावला. हाताला घाम फुटला होता, तो पँटला पुसला. सिस्टर फोनवर कुणाला तरी बाळंतिणीच्या डोक्यावर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवायला सांगत होती. त्यानं पाना सावकाश फिरवायला सुरुवात केली. पिवळा अर्धा तुकडा फिरत फिरत खालच्या तुकड्याजवळ आला, आणखी जवळ आला आणि बरोबर जुळला. मिस्त्रीनं श्वास सोडला.

पण पाना थांबला नाही. जोर न लावता तो पुढे फिरत गेला. तुकडे पुन्हा वेगळे झाले, आणखी लांब गेले आणि बोल्ट तळाला टेकला तेव्हा पिवळा रंग पार विरुद्ध बाजूला होता. दुसऱ्या बोल्टचंही तेच झालं. मिस्त्री तसाच उकिडवा बसून राहिला. चार बोल्ट, त्यांतले दोन आवळले, दोन नाही, आणि टिपके चारी बोल्टांना. आपण लावले. फुंकर घालून वाळवलेही असतील.

त्याला त्या दिवसाचं काहीतरी आठवायला हवं होतं. मध्येच कुणी हाक मारली होती का, फोन वाजला होता का, दादा उठून रस्त्यावर गेला होता का? त्यानं खूप ताण दिला. काहीच आठवेना. प्लेटा बदलल्याचं आठवत होतं आणि सिस्टरनं गाडी नेल्याचं आठवत होतं. मधला तुकडा नव्हताच. दरीच्या काठावर ती गाडी मागे आली, पोटुशी बाई खाली उतरली, ती या न आठवणाऱ्या तुकड्यामुळे. आणि असे आणखी किती तुकडे किती गाड्यांच्या पोटात गावभर फिरत असतील?

जळलेल्या प्लेटा काढून त्यानं नव्या प्लेटा ऑइलात बुडवून ठेवल्या. त्या भिजायला अर्धा तास लागतो. एरवी या अर्ध्या तासात तो चहा घेई, पंक्चरवाल्याशी राजकारणावर भांडे. आज मागच्या दारातून त्याची बायको चहा घेऊन आली, तर त्यानं कप तसाच बाजूला ठेवला.

“चहा का नको?” तिनं हळूच विचारलं.

“पित्त झालंय.”

दादापुढे कप ठेवून त्याच्या हातातला बोल्ट तिनं काढून घेतला, कारण दादा तो चहात घालायच्या बेतात होता. जाताना तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. अलीकडे ती असं बघायची आणि ते त्याला मुळीच आवडत नसे.

अर्ध्या तासानं त्यानं प्लेटा बसवल्या, स्प्रिंगा घातल्या, बोल्ट लावले. समोरासमोरचे दोन थोडे, मग दुसरे दोन थोडे, असं आलटूनपालटून आवळायचं असतं. आवळले, टिपके लावले, वाळू दिले. कव्हराखालच्या जुन्या गॅस्केटचे कागदी तुकडे खरवडून नवं लावलं आणि कव्हर बसवलं. ऑइल ओतलं. सिस्टर उठली, हेल्मेट उचललं. अडीच वाजत आले होते.

“निघू मग?”

मिस्त्री गाडीसमोर उभा होता. त्याला टिपके लावल्याचं आठवत होतं, ब्रशचे केस बोल्टवर टेकलेलेसुद्धा. पण आवळल्याचं? आत्ताच तर आवळले. की तो आवळताना आठवतोय तो मघाचा, तुकडे जुळवून बघतानाचा बोल्ट आहे? चौथा कधी आवळला? दोन महिन्यांपूर्वीचं विसरणं वेगळं. हे पंधरा मिनिटांपूर्वीचं होतं.

जाऊ द्यावं, असं एक मन म्हणत होतं. आवळले असतीलच. हात आपोआप करतात. आता कव्हर उघडलं तर ही विचारील, कशाला उघडलं? मग सांगावं लागेल. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल आणि उद्यापासून टिपक्याला कुणी विचारणार नाही. दुकान गेलं तर तो दादाच्या शेजारी बसून नटबोल्ट निवडेल. दोन स्टुलं, सहा डबे.

“मिस्त्री? किल्ली?”

“थांबा,” तो म्हणाला. “परत उघडतो.”

“का? आवाज वगैरे आला का काही?”

“नाही.” त्यानं ऑइलचं भांडं पुन्हा गाडीखाली सरकवलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं नसतं. “मला आठवत नाही सिस्टर. चारी आवळले का ते. आणि मघाशी मी खोटं बोललो. स्प्रिंगा चांगल्याच होत्या. गेल्या खेपेला दोन बोल्ट माझ्याकडूनच आवळायचे राहिले. काल वर तुमचं काही झालं असतं तर ते माझ्यामुळे.”

सिस्टरनं हेल्मेट खाली ठेवलं. ऑइलची धार भांड्यात पडत होती तेवढाच आवाज. ती आता ओरडेल, असं मिस्त्रीला वाटलं. ती ओरडली असती तर बरंच झालं असतं.

“मी काल फार घाबरले होते,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला सांगितलं नाही, पण ती बाई उतरल्यावर माझे पाय लटलट कापत होते.”

“हो.”

“राग यायचाय मला तुमचा. येईल नंतर. आता साडेतीनला तरी मला निघायला पाहिजे.” तिनं स्टूल ओढून गाडीजवळ घेतलं. “आमच्याकडे ऑपरेशन असलं की आत गेलेला कापसाचा एकेक बोळा मोजतात. बाहेर काढताना परत मोजतात. एकटीनं कधी मोजायचं नाही. एकीनं मोठ्यानं म्हणायचं, दुसरीनं बघून ‘हो’ म्हणायचं. त्याशिवाय पोट शिवत नाहीत, डॉक्टर कितीही मोठा असो. ब्रश माझ्याकडे द्या.”

“तुमच्याकडे?”

“तुम्ही आवळा. मला दाखवा. टिपका मी लावीन.”

चाळीस वर्षांत तो ब्रश दोघा भावांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. मिस्त्रीनं तो फडक्याला पुसला आणि दिला. कव्हर निघालं. चारी टिपके अखंड होते, पण आता त्याचा त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता. रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं चारी पुसून काढले आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट घट्ट होता. तरीही पान्याला जोर देऊन तो तळाला टेकल्याचं त्यानं दाखवलं.

सिस्टर वाकून बघत होती. ती काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला.

“आवळलं?”

दादा. मान वर न करता, बाराचा एक नट डब्यात टाकता टाकता. सहा वर्षांत दादानं हा शब्द उच्चारला नव्हता.

“आवळलं, दादा,” तो म्हणाला.

“मग लाव.”

सिस्टरनं टिपका लावला. दुसरा बोल्ट घट्ट होता. “आवळलं?” “आवळलं.” “मग लाव.” तिसरा घट्ट होता. दादानं विचारलं, मिस्त्रीनं उत्तर दिलं. चौथ्याला पाना लावला तर तो पाव फेरा फिरला आणि मग टेकला. फार नाही, पाव फेरा. मिस्त्रीनं सिस्टरकडे बघितलं. तिनंही ते बघितलं होतं. दोघं थांबून राहिले, पण यावेळी कोपऱ्यातून कुणी विचारलं नाही. दादा चौदाचा नट डोळ्यांजवळ धरून त्याच्या भोकातून बाहेरचा रस्ता बघत होता.

“आवळलं?” सिस्टरनंच विचारलं.

“आवळलं.”

तिनं टिपका लावला. तिचा हात खरंच हलत नव्हता.

मग मिस्त्रीनं हेल्मेट घालून गाडी पुलाच्या चढावर नेली, वरच्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळली. गाडी ओरडली नाही, मुकाट्यानं चढली. तो परत आला तेव्हा सिस्टर पदर खोचून दाराशीच उभी होती. ती गेली आणि तो रस्त्याकडे बघत राहिला.

“वर पोचलात की फोन करा,” असं त्यानं सांगितलं होतं. चार वाजले, सव्वाचार वाजले. त्यानं दुसरी कुठलीही गाडी हाती घेतली नाही. पंक्चरवाला येऊन दोन विनोद करून गेला, ते त्याला ऐकू आले नाहीत. डोळ्यांसमोर तो चढ होता, एका अंगाला दरी, आणि सारखी गाडी मागे येत होती. साडेचारला फोन वाजला.

“पोचले,” सिस्टर म्हणाली. “गाडी छान आहे. बाईचा ताप मोठा आहे, तिला खाली आणावं लागेल. आणते मागे बसवून.”

“याच गाडीवर?”

“मग काय, विमानावर?” ती म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे अजून उतार बाकी होता. पण उताराला क्लचचं काही काम नसतं, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं.

सिस्टर बाईला घेऊन खालच्या दवाखान्यात पोचल्याचा फोन सहाला आला. तेव्हा कुठे मिस्त्रीनं दुकानाची फळी ओढली, दादाचा हात धरून त्याला मागच्या खोलीत नेलं. दुपारपासून कुणी जेवलं नव्हतं. बायकोनं ताटं वाढली होती. वाढता वाढताच तिनं विचारलं, “पिवळी डबी कुठाय?”

“पेटीत. का?”

“उद्यापासून माझ्याकडे दे. मी सकाळचं आवरून दुकानात येत जाईन. तू आवळ, मी लावीन.”

त्यानं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मागचं दार उघडं होतं, तिनं ऐकलं असेल. की त्याआधीच? ती कधीपासून तसं बघते आहे, ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दादा जेवायला लागला होता. मिस्त्री ताटासमोर बसला, हात घासाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यानं तोच हात वर नेऊन डोक्यावरून फिरवला. केस हाताला लागले. तरी त्यानं तो पुन्हा एकदा फिरवला, कानांजवळून, हनुवटीखालून, हेल्मेटचा पट्टा असतो तिथून.

बायको समोरून बघत होती.

“नाहीये,” ती म्हणाली. “मी बघितलंय. जेव आता.”